पट्टीतला पाव्हना

"थांबा."

सर एवढंच म्हणायचे. उजव्या हाताची तर्जनी वर जायची, मान जरा कलती व्हायची, आणि पलीकडच्या खोलीतून कोणी हाक मारली असावी तसे ते ऐकत राहायचे. मग बोट खाली यायचं आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. वर्गात, स्टाफरूममध्ये, कोणाच्या घरी सांत्वनाला गेल्यावर, कुठेही. एकदा प्राचार्यांचं प्रजासत्ताक दिनाचं भाषण चालू असताना पहिल्या रांगेतून हे "थांबा" आलं आणि प्राचार्य खरोखरच थांबले. त्यांचं भाषण आखूड झाल्याचा माझ्या आठवणीतला तो एकमेव प्रसंग.

कॉलेजात सगळेच सर होते. शिकवणारे सर, न शिकवणारे सर, शिकवत होतो असं सांगणारे निवृत्त सर. पण नुसतं 'सर' म्हटलं की तेच समजायचं. तळोद्याच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत आणि मी ग्रंथपाल होतो. पुस्तकं सांभाळणाऱ्याला बोलणारी माणसं नकोशी असतात. सर बोलत नसत, म्हणून आमचं जमलं.

ते कशाचा कानोसा घेतात याचा उलगडा मी माझ्यापुरता केला होता. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लाकडी फळ्या ठोकून त्यांनी एक खोपट्यासारखी जागा केली होती. तिच्यात एक संगणक रात्रंदिवस चालू असे. लाईट गेली की त्याच्या खालचा यूपीएस टीं टीं करायचा आणि सर धावायचे. म्हणजे सर त्या टींटींवर कान ठेवून असतात. समजूत चांगली होती. ती फक्त पुरुषोत्तमनगरच्या लग्नात टिकली नाही. तिथे सरांच्या बहिणीच्या घरचं लग्न होतं. हातात ताट, समोर वरण वाढणारा ओगराळं घेऊन उभा, आणि सरांचं बोट वर. वाढप्याच्या ओगराळ्यातून वरण ठिबकत राहिलं. तळोद्याचा यूपीएस तिथून ऐकू येण्याचं काही कारण नव्हतं.

"काय ऐकलं?" मी विचारलं.

"काही नाही. वाढू द्या त्याला."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गर्दीत असूनही जी कडेला उभी असतात. सर तर चालायचेसुद्धा कडेने, व्हरांड्याच्या भिंतीला बोटं टेकवत. मी एकदा म्हटलं, "सर, मधून चाला की, रस्ता आपलाच आहे." तर म्हणाले, "मधे काही घडत नाही, ग्रंथपाल. जे घडतं ते कडेला घडतं." मला वाटलं, माणूस तत्त्वज्ञ आहे. नंतर कळलं की ते आपल्या पट्टीबद्दल बोलत होते.

ही पट्टी म्हणजे सरांचं संशोधन. मला ती त्यांनी ग्रंथालयाच्या खिडकीतून समजावली. खालून आश्रमशाळेच्या मुली चालल्या होत्या, वेण्यांना लाल रिबिनी. सर म्हणाले, अशी एक रिबीन घ्या. जाडी एकाच थराची. रुंदी थोड्या अणूंची, डोळ्याला कधीच दिसणार नाही इतकी. दोन्ही कडांना करवतीसारखे दाते. कापडाऐवजी अर्धवाहक पदार्थाची, म्हणजे वीज धड वाहू देत नाही आणि धड अडवतही नाही असा पदार्थ.

"आमच्या संस्थेच्या कार्यालयासारखा," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. विषय पट्टीचा असला की हसत नसत. या पट्टीतून इलेक्ट्रॉन सोडायचे. प्रत्येक इलेक्ट्रॉनला एक फिरकी असते. ती दोनच प्रकारची, वर किंवा खाली.

"म्हणजे तो स्वतःभोवती फिरतो?"

"फिरत नाही. फिरकी असते."

"न फिरता फिरकी?"

"हो."

"सर, आमच्या कपाटात अशा गोष्टी भुताखेतांच्या पुस्तकांत ठेवतात."

"ठेवा," ते शांतपणे म्हणाले. "पण मोजता येतं."

त्यांना हुडकायचं होतं ते असं: पट्टीतून वरच्या फिरकीचे इलेक्ट्रॉन पार जातील आणि खालच्या फिरकीचे सगळे परत फिरतील, असं करता येतं का? तळोद्याच्या स्टँडवर धडगावला जाणाऱ्या जीपा उभ्या असतात ना, तसं. आत माणसं, टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं. समजा, जीपवाल्याने फक्त एका प्रकारची माणसं घेतली आणि बाकीची स्टँडवरच ठेवली. पुढेमागे त्यातून वेगळ्या जातीचे संगणक बनतील, असं जगभरची माणसं म्हणत होती. सर त्यातलं काही बनवत नव्हते. त्यांची पट्टी कोणी कापली नव्हती, कोणी पाहिली नव्हती. ती फक्त त्या खोपट्यातल्या संगणकात, आकड्यांत होती.

या वर-खाली प्रकरणातून स्टाफरूममध्ये एकदा भलतंच झालं. सर चहा पिता पिता सवयीने अंगठा वर किंवा खाली करत बसलेल्यांना वाटून टाकत होते. "तुम्ही वरचे. तुम्ही खालचे. ग्रंथपाल खालचे." आपल्याकडे हे शब्द हवेत सोडले की ते कुठे जाऊन बसतात हे सांगायला नको. दोन विभागांचं बोलणं बंद झालं, प्राचार्यांनी सरांना बोलावून खुलासा मागितला, सरांनी त्यांना पाऊण तास फिरकी समजावली. बाहेर आल्यावर प्राचार्य एवढंच म्हणाले, "त्यांच्या मनात तसं काही नाही. त्यांच्या मनात काय आहे ते मात्र कळलं नाही."

सर पन्नाशीकडे झुकले होते. लग्न केलं नव्हतं. पीएचडीची नोंदणी उशिरा केलेली, मुदत एकदा वाढवून घेतलेली, आणखी वाढणार नव्हती. आणि वर्षानुवर्षं पट्टीतून काही निघत नव्हतं. वरचे आणि खालचे सारखेच जात होते, सारखेच अडकत होते. मग त्यांनी पट्टीच्या एका कडेला एक परका अणू बसवला.

त्या दिवशी ते ग्रंथालयात आले ते भिंत सोडून, सरळ मधून. माझ्या टेबलाशी वाकून हळूच, अहिराणीत म्हणाले, "पाव्हना उना." पाहुणा आला.

"कोन उना?"

"चला. दावस."

पडद्यावर दोन रेघा होत्या. खालच्यांची रेघ सपाट. वरच्यांची रेघही सपाट, पण एका जागी एकदम सुई उभी केल्यासारखं टोक. त्या एका ठिकाणी वरचे सगळे पार जात होते आणि खालचे एकूणएक परत येत होते.

"कोण सोडतं त्यांना?" मी विचारलं.

"तेच तर," सर म्हणाले. "कोणीतरी दारात बसलंय."

त्यानंतर ते टोक म्हणजे पाव्हना झालं. पट्टी लांब करा, पाव्हना आहे. आखूड करा, आहे. थोडी वाकवा, जरा सरकून पण आहेच. सर सकाळी भेटले की मी विचारायचो, "पाव्हना काय म्हणतो?" आणि ते घरच्या माणसाची खुशाली सांगावी तसे सांगायचे, "शे. बठेल शे." म्हणजे आहे, बसलाय. त्या दिवसांत त्यांचं "थांबा" वाढलं होतं.

बातमी प्राचार्यांकडे गेली, प्राचार्यांकडून संस्थेच्या अध्यक्षांकडे. मूल्यांकनाची समिती यायची होती, कॉलेजला पीएचडीवाले हवे होते. लगेच सत्कार ठरला. गेटवर बॅनर लागलं. त्यावर अध्यक्षांचा फोटो मोठा, प्राचार्यांचा मध्यम, सरांचा कोपऱ्यात, आणि कोणाचाच नसलेला एक हसरा शास्त्रज्ञ इंटरनेटवरून घेतलेला. अध्यक्ष भाषणात म्हणाले, "आपल्या सरांनी जगातली सर्वांत लहान रिबीन तयार केली. आम्ही आयुष्यभर रिबिनी कापल्या, पण तयार एकही केली नाही." मग त्यांनी प्रयोगशाळेच्या दाराला बांधलेली खरी, रुंद रिबीन कापली. टाळ्या वाजल्या. शाल अंगावर पडत असताना सरांचं बोट वर गेलं. फोटोत ते तसेच आले आहेत. वर्तमानपत्राने खाली छापलं, 'आकाशाकडे बोट दाखवताना सत्कारमूर्ती.'

आता जरा अवघड भाग सांगतो.

प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे प्राणिशास्त्राची नमुन्यांची खोली होती. तो विभाग बंद पडल्यापासून तिला कुलूप होतं. मे महिन्याची सुट्टी, कॉलेज रिकामं. तळोद्यातला मे महिना तुम्ही पाहिला नसेल तर एवढंच सांगतो की भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, आणि उजेड इतका पांढरा पडतो की इमारतींचे रंग उडून गेल्यासारखे दिसतात. अशा एका दुपारी सर मला म्हणाले, "पाव्हना आला की पलीकडे खुर्ची सरकते."

"उंदीर."

"खुर्ची," ते म्हणाले. "आधी खुर्ची सरकते. मग पडद्यावर टोक येतं."

मी भुतांची पुस्तकं सांभाळतो, मानत नाही. मी म्हटलं, बसतो इथेच. बसलो. पंखा फिरत होता, संगणक गरम हवा सोडत होता. बराच वेळ गेला. मग भिंतीच्या त्या बाजूला, अगदी स्पष्ट, खुर्चीचे पाय फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. कोणी बसताना खुर्ची पुढे घेतो तेवढाच. सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते पडद्याकडे पाहत होते, आणि पडद्यावर सुई उभी राहत होती.

मी जयसिंगला हाक मारली. जयसिंग आमचा शिपाई, डोंगरातला, घरी पावरी बोलणारा आणि कॉलेजात कमीत कमी बोलणारा. किल्ली त्याच्याकडे होती. कुलूप गंजलेलं, बराच वेळ खाल्ला. दार उघडलं. काचेच्या बरण्यांत पिवळ्या पडलेल्या द्रावात साप, सरडे, एक न जन्मलेलं कोकरू. फरशीवर धूळ, धुळीवर काहीही उमटलेलं नाही. आणि खोलीत खुर्ची नव्हती. स्टूल नाही, बाक नाही, सरकवता येईल असं काही नाही.

"काय शोधता, सर?" जयसिंगने विचारलं.

"आवाज आला होता."

त्याने खोलीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "मग कुलूप लावू ना?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता लावलं.

मी आजही म्हणतो की पत्र्याचं छप्पर उन्हाने ताणतं आणि कुरकुरतं. ते खरंच कुरकुरतं. पण त्या दिवसानंतर मी त्या खोपट्यात भिंतीकडे पाठ करून बसलो नाही.

प्रबंध सादर करण्याआधीचं सादरीकरण ऑनलाइन होतं. प्राचार्यांनी ते आपल्या केबिनमध्ये ठेवलं, म्हणजे मागे त्यांच्या नावाची पाटी दिसेल. सरांच्या बाजूला प्लास्टिकची फुलं. मी चहाच्या निमित्ताने आत. सरांनी पाव्हण्याची सुई दाखवली, मार्गदर्शकांनी लांबून वाहवा केली, दोनतीन विद्वानांनी प्रश्न विचारण्याऐवजी आपापली माहिती दिली. सगळं संपत आलं होतं. तेवढ्यात एका बाईंचा आवाज आला. कॅमेरा बंद, पडद्यावर नुसता काळा चौकोन. त्या कुठल्या, कोण, हे नंतरही नीट कळलं नाही.

"सर, छान काम आहे. एकच विचारते. पट्टीच्या बाजूला मोकळी जागा किती सोडली आहे?"

सरांनी आकडा सांगितला.

"परका अणू बसवल्यावर ती पुन्हा तपासली?"

सरांनी माउसवरचा हात खाली घेतला. बोटही वर गेलं नाही.

"तपासून पाहा," आवाज म्हणाला, आणि काळा चौकोन गेला.

प्राचार्य म्हणाले, "मोकळ्या जागेचा प्रश्न असेल तर संस्थेची खूप आहे."

संध्याकाळी स्टँडवर चहा घेताना सरांनी मला ती मोकळी जागा समजावली. संगणकाला एकटी पट्टी समजत नाही. तो तिला एका पेटीत ठेवतो आणि मग धरून चालतो की त्या पेटीशेजारी तशीच पेटी आहे, तिच्यापलीकडे तशीच, कुठेच न संपणाऱ्या. न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात आणि आपण आत आत लहान होत जातो, तसं. म्हणून पेटीत पट्टीच्या आजूबाजूला रिकामी जागा सोडायची, पुरेशी, म्हणजे पट्टीला शेजारच्या पेटीतल्या स्वतःच्याच नकलेचा स्पर्श होणार नाही. जागा जास्त सोडली की गणित वाढतं, रन, म्हणजे संगणकाची एक अखंड फेरी, लांबतो, आणि तळोद्यात लांबलेला रन लाईट गेली की मरतो. म्हणून सरांनी जागा बेताची ठेवली होती. साध्या पट्टीवर ती तपासून घेतली होती, पुरली होती. परका अणू कडेबाहेर थोडा डोकावत होता. तो बसवल्यावर पुन्हा तपासायचं राहून गेलं. पाव्हना आल्याच्या आनंदात.

"म्हणजे पाव्हना खोटा असेल?"

"असेल. नसेल."

"मग तपासा."

ते चहाच्या ग्लासाकडे पाहत राहिले. "तुमले काय, ग्रंथपाल. तुमना घरमा कोनीतरी ऱ्हास."

त्यांनी बरेच दिवस तपासलं नाही. डॉक्टरकडून रिपोर्ट आणायचा असतो आणि माणूस त्या रस्त्यानेच जात नाही, तसं. मार्गदर्शकांचा फोन मी ऐकला, आवाज बाहेर येत होता. "अहो सर, सोडा ना! कोण बघतंय? प्रबंध द्या, पदवी घ्या, मग हवी तेवढी जागा सोडा!" यात व्यवहार होता. तपासलं नाही तर सर डॉक्टर होणार होते. तपासलं आणि टोक गेलं तर हातात काहीच उरणार नव्हतं, आणि मुदत संपल्यावर पुन्हा सुरुवातही करता येणार नव्हती. न तपासताही चालणार होतं. एक काळा चौकोन सोडला तर कोणालाही कळणार नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागली आणि एका सकाळी सर ग्रंथालयाच्या दारात येऊन म्हणाले, "तुम्ही बसाल का माझ्याजवळ?"

मी कुलूप लावून गेलो. त्यांनी पेटी मोठी केली होती. रन सुरू झाला. लाईट जात होती, येत होती. पूर्वी सर धावायचे, आता बसूनच राहायचे. जयसिंग चहा आणून ठेवायचा आणि दारातूनच परत फिरायचा. असे काही दिवस आम्ही दोघं दिवसभर बसलो. मी एक कादंबरी नेली होती, तिचं पान उलटलं नाही. भिंतीपलीकडून काहीही ऐकू आलं नाही. छप्परही कुरकुरलं नाही. इतकं शांत होतं की मलाच ते खटकू लागलं.

एका दुपारी रेघ आली. वरच्यांची डावीकडून उजवीकडे, उन्हाळ्यातल्या तापीच्या पात्रासारखी सपाट. खालच्यांचीही तशीच. सरांनी बोट वर केलं, ऐकलं, आणि ते हळूहळू खाली आणलं.

"कोनीच नही शे," म्हणाले.

 मग ते मराठीत, शिकवल्यासारखं म्हणाले, "शेजारच्या पेटीतली हीच पट्टी होती ती. हाच परका अणू पलीकडून स्वतःलाच शिवत होता. आणि मी त्याला पाव्हना म्हणत होतो."

त्याच आठवड्यात त्यांनी प्रबंध देत नसल्याचं कळवलं. प्राचार्य उठून उभे राहिले. "देत नाही? अहो, बॅनर लागलंय!" सरांनी शांतपणे कारण सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "चूक तुम्हालाच सापडली ना? मग ती तुमच्याकडेच ठेवायची होती." समिती आली तेव्हा तिला सांगण्यात आलं की सरांचं संशोधन प्रगतिपथावर आहे. बॅनर कोणी काढलं नाही. त्याच्या दोऱ्या चांगल्या होत्या.

खरं तर हे इथे संपायला हवं होतं. प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळालं, एका माणसाने खोटं न बोलण्याची किंमत मोजली. पण सरांनी संगणक बंद केला नाही. त्यांनी पेटी आणखी मोठी केली. मग आणखी. पट्टीभोवतीची रिकामी जागा वाढत गेली, रन लांबत गेले.

"सर, आता आकडा बदलतो का?"

"नाही."

"मग मोठी कशाला करता?"

"बदलत नाही म्हणजे शेजारी कोणी नाही, असं नाही," ते म्हणाले. "आपल्याला कळत नाही एवढंच. खरी एकटी पट्टी कशी असते, ते पाहायचंय."

"कितीही मोठी केली तरी शेजारी पेटी असणारच ना?"

"असणारच."

मग त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या सत्काराला आले नाहीत, त्यामुळे तो फार छान झाला. तळोद्यापलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका मोठ्या शेताच्या मधोमध बांधलेलं शेतघर त्यांनी भाड्याने घेतलं. गच्चीवर सौर पट्ट्या, खाली बॅटऱ्या. आता लाईट जाण्याची भीती नव्हती. मी एकदा गेलो तेव्हा त्यांनी दाराबाहेर येऊन चारी दिशांना हात फिरवला.

"जवळचं घर कोणतं?" मी विचारलं.

"दिसत नही. देखी लिधं मी."

ते वाळले होते, पण घाबरलेले वाटले नाहीत. निरोप घेताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. हात गरम होता. मला बरं वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला. "भाऊ फोन उचली नही ऱ्हायना. तुम्ही जराखा देखी या ना, दादा." मी जयसिंगला घेऊन त्याच्या मोटरसायकलवर गेलो.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही वाट पाहणार नाही. सर सापडले नाहीत. पोलिसांनी विहिरीत गळ टाकून पाहिला. जयसिंगची माणसं वरच्या पाड्यांवर विचारून आली. स्टँडवरच्या जीपवाल्यांनी त्यांना बसवल्याचं कोणाला आठवलं नाही. बहीण अजून मला फोन करते, आणि आम्ही दोघंही हवापाण्यावर बोलतो. मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

जयसिंग रस्त्यावर मोहाच्या झाडाखाली थांबला. "तुम्ही जा," म्हणाला. कापूस उपटून झालेलं शेत होतं, ढेकळांतून चालत मी घरापर्यंत गेलो. दार नुसतं ओढलेलं. आत सगळं जागेवर. कपडे दोरीवर, डबे झाकलेले, चप्पल दाराशी. सरांकडे चपलेचा एकच जोड होता.

संगणक चालू होता. पडद्यावर पेटी होती, आणि पेटी रिकामी दिसत होती. बाहेर हाका मारून झाल्या, घराला फेरी घालून झाली, करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी त्याच्यासमोर बसलो आणि सर करायचे तसं चित्र जवळ आणत गेलो. जवळ, आणखी जवळ. बराच वेळ नुसतं काळं. मग एक ठिपका, ठिपक्याची रेघ, रेघेला कडा, कडांना दाते. पट्टी होती. कडेला तिचा परका अणू होता. मी परत लांब गेलो तर ती पुन्हा नाहीशी झाली.

रन संपत आला होता. सर कधीही रन एकटा संपू देत नसत, शेवटी जवळ असत. म्हणून मी थांबलो. उन्हात बाहेर काही हलत नव्हतं. खालच्यांची रेघ आधी आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. मग वरच्यांची निघाली. सपाट, सपाट. आणि त्याच जागी, जिथे ती पूर्वी असायची तिथे, सुई उभी राहिली.

इतक्या मोठ्या पेटीत शेजारच्या नकलेचा हात पोचणं शक्य नव्हतं. एवढं मलाही कळत होतं. बॅटरी उतरली असेल, आकड्यांत कुठे खोट राहिली असेल. अशी कितीतरी कारणं मला बसल्या बसल्या सुचली आणि त्यातलं एखादं बरोबरही असेल. पण ती सुचण्याआधीच "सर, पाव्हना उना!" असं मोठ्यांदा म्हणून मी मागे वळलो होतो.

दार उघडं होतं. बाहेर सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत शेत पसरलेलं होतं, आणि त्यात उभं असं काहीच नव्हतं.